काचेचं रबर नवं होतं

माझ्या ट्रकच्या केबिनमध्ये पाणी शिरलं, त्यात मिस्त्रीची काहीही चूक नव्हती. समोरच्या काचेला त्याने लावलेलं रबर नवं होतं, कोरं होतं, आणि नीट बसवलेलं होतं. चूक माझी होती. वसईतल्या निर्मळ आणि गिरीज या गावांच्या वाडीवाल्यांना मी याच्या बरोबर उलट सांगितलं, आणि ते खोटं होतं. आता मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. म्हणून हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. पुढचं वाचायला कुणाला वेळ नसला तरी एवढं वाचलं तरी पुरे.

तीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या वाड्यांचा माल मुंबईच्या बाजारात नेणारे दहा-बारा छोटे ट्रक होते, त्यातला एक माझा. केळी, भाजी, पानं मागे हौद्यात जायची. पण सोनचाफा केबिनमध्ये जायचा. चाफ्याला वारा लागलेला चालत नाही, दाबलेला चालत नाही, आणि सुकलेला तर अजिबात चालत नाही. त्यामुळे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या करंड्या ड्रायव्हरच्या शेजारी, पायाशी, एकावर एक रचलेल्या असायच्या. त्या करंड्यांतून रात्रभर पाणी ठिबकायचं. आमच्याकडे ट्रकच्या केबिनला चाफ्याचा वास यायचा आणि खाली पायपुसणी कायम ओली असायची. याचं कुणाला काही वाटायचं नाही.

मला वाटलं. कारण ट्रक मी सेकंडहँड घेतला होता आणि त्याच वर्षी मिस्त्रीकडून समोरच्या काचेचं रबर बदलून घेतलं होतं. मिस्त्री पलीकडच्या मिठागराच्या गावातला, माझ्याच वयाचा. पत्रा, काच, दारं, रबर, केबिनचं सगळं काम तो करायचा. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली त्याची शेड होती. आम्ही दहा-बारा ट्रकवाले त्याच्याकडेच जायचो. रबर बदलल्यावर पुढच्या पावसाळ्यात पायपुसणी उचलली तर खाली ओल. ओल चाफ्याची होती. पण माझ्या डोक्यात पावसाचं पाणी बसलं.

मग मी ट्रकखाली वाकून पाहिलं. पाऊस नुकताच थांबला होता. पुढच्या चाकाजवळ, केबिनच्या दोन्ही बाजूंना, पत्र्यातल्या भोकांमधून पाण्याची धार लागली होती.

वाडीत वाढलेल्या माणसाला याचा एकच अर्थ कळतो. आमच्याकडे बावखलाचं पाणी, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं पाणी, मातीच्या पाटाने झाडांना देतात. पाटाच्या बांधातून बाहेर कुठे पाणी निघताना दिसलं की तिथे खेकड्याचं बीळ असतं. टाचेने चिखल दाबायचा, वरून केळीचं सोपट, म्हणजे बुंध्याची साल, कोंबायचं, झालं. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून मी हेच करत आलो होतो. पाणी बाहेर पडतंय ते भोक बुजवायचं. त्या भोकातून पाणी बाहेर पडावं म्हणूनच कुणी ते मुद्दाम ठेवलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात शिरलाच नाही.

मी सुतळी घेतली, गरम डांबरात बुडवली आणि सगळी भोकं ठासून बंद केली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

त्या भोकांचं काम काय होतं ते आता मला पाठ आहे. काचेखाली, जिथे वायपर बसतात, तिथे एक जाळी असते. तिच्या खाली पत्र्याचा आडवा खण असतो. बाहेरची हवा त्या खणातून केबिनमध्ये येते. काचेवरून ओघळलेलं पाणीही त्याच खणात पडतं आणि टोकांच्या भोकांतून खाली रस्त्यावर निघून जातं. भोकं बुजवली की खणाचा हौद होतो. हौद भरला की पाणी हवेच्या वाटेने आत येतं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तसंच झालं. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. ट्रकमध्ये दोन्ही गावांतली फुलं होती, बहुतेक घरांचा वर्षातला सगळ्यात मोठा माल. हायवेवर पुलाच्या अलीकडे डॅशबोर्डखालून पाणी धो-धो पायावर आलं, फ्यूज उडाले आणि गाडी बंद पडली. दुसरी गाडी मिळून माल पोचेपर्यंत दुपार झाली. फुलं काळी पडली होती. बाजारात कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी मी भरणीच्या जागी गेलो. बावखलाच्या काठावर एक पत्र्याची शेड आहे. सगळ्या वाड्यांचा माल तिथे जमतो आणि ट्रकमध्ये भरला जातो. वीस-पंचवीस माणसं होती. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळे नुसते माझ्याकडे बघत होते. एका म्हातारीने विचारलं, "काय झालं रे बाबा?"

मी म्हणालो, "मिस्त्रीने फसवलं. जुनंच रबर उलटं करून लावलं आणि नवं म्हणून सांगितलं."

हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं ते मला सांगता येत नाही. मी रबर तपासलं नव्हतं. उलटं रबर कसं दिसतं हेही मला माहीत नव्हतं. फक्त एवढं जाणवलं की ते बोलल्याबरोबर सगळ्यांची नजर माझ्यावरून हलली. मला मोकळं वाटलं. मग मी ते पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी गिरीजला सांगितलं. आठवड्याभरात ते माझं मलाच खरं वाटायला लागलं.

मिस्त्री माझ्या घरी आला होता. अंगणात उभा राहिला, बसला नाही. म्हणाला, "चल, गाडीजवल चल. काच काढून दाखवतो."

मी गेलो नाही. म्हणालो, "जे झालं ते झालं."

ट्रकवाल्यांनी एकेक करून त्याच्याकडे जाणं बंद केलं. वर्षाच्या आत त्याने शेड मोडली आणि वालीवच्या एका कारखान्यात पत्र्याचे डबे वाकवायच्या कामाला लागला. मशीनवर, आठ तास उभं राहून.

पुढच्या उन्हाळ्यात केबिनचा तळ सडला म्हणून मी स्वतःच काचेखालचा भाग उघडला. खणात बोटभर चिखल होता. भोकांत माझं डांबर होतं, सुतळीसकट. हात लावून बघितलं आणि सगळं एका क्षणात कळलं. काच काढली नव्हती, पण आतून रबराची कड दिसत होती. वर्षभर वापरलेलं असूनही अजून नवं होतं. मी डांबर स्क्रूड्रायव्हरने उकरून काढलं, कागदात गुंडाळलं आणि वाडीत नेऊन केळीच्या बुंध्याशी पुरलं.

त्या दिवशी सायकल काढून पाऊण तासात वालीवला पोचता आलं असतं. गेलो नाही. म्हटलं उद्या. मग म्हटलं, त्याला नोकरी लागलीय, महिन्याच्या महिन्याला पगार आहे, उलट बरंच झालं. हे मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. लग्नाकार्यात तो दिसायचा. मी दुसऱ्या पंगतीला बसायचो.

आता या वर्षीचं सांगतो.

ट्रक अजून आहे. मुंबईला जात नाही. दोनदा रंग झाला, एकदा इंजिन बदललं. माझ्या सुनेने वाडीच्या अर्ध्या भागात रोपांची नर्सरी केली आहे आणि विरारच्या, वसई पूर्वेच्या सोसायट्यांमध्ये ती रोपं पोचवते. ट्रक स्वतः चालवते. जुलैत एक दिवस तिने गाडी लावली आणि चपला काढून पिळल्यासारखं करून दाखवलं.

"बाबा, तुमच्या ट्रकमध्ये भात लावू का? पाणी भरपूर आहे."

तिने तीन वर्कशॉप केले. पहिल्याने काचेच्या रबरावर सिलिकॉनचा जाड थर दिला. दुसऱ्याने त्याच्यावर दुसरा थर दिला. तिसरा म्हणाला, नवं केबिन बसवा. प्रत्येक पावसात पाणी येतच राहिलं, आणि प्रत्येक जण काचेच्या रबराकडेच बोट दाखवत होता. मी ते ऐकत ओट्यावर बसलेला असायचो.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "पूर्वी कोण करायचं हे काम? कोणीतरी असेल ना तुमच्या वेळचं?"

मी म्हणालो, "एक होता."

"होता म्हणजे गेले?"

"नाही. आहे."

"मग प्रॉब्लेम काय?"

मी तिला सांगितलं. सगळं, डांबरासकट. माझ्या बायकोलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं आणि ती आता नाही. सुनेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी त्यांना घेऊन येते. पाण्यासाठी. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

मिस्त्री आला. कंबर वाकली होती, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काय रे वाडीवाल्या, अजून जिवंत हाय तुजी गाडी?"

"आहे. आपल्यासारखीच."

"आपल्यासारकी नको बोलू. मी नाय गलत तिच्यासारका."

सून मोठ्याने हसली. मलाही हसू आलं. पण तो माझ्याकडे बघतच होता.

मिस्त्रीने आधी केबिनमधलं सगळं बाहेर काढायला लावलं. पायपुसण्या, सीट, खालचा फोम. आतला पत्रा फडक्याने कोरडा केला. मग सुनेला म्हणाला, "पोरी, घरात पावडर हाय? तोंडाला लावायची?"

तिने टाल्कमचा डबा आणला. त्याने ती पावडर केबिनच्या तळावर आणि दारांच्या कडांवर हलक्या हाताने भुरभुरली. पांढऱ्या पावडरीवरून पाण्याचा थेंब गेला की वाट दिसते. मग तो आत जाऊन बसला, दारं बंद करून घेतली आणि मला नळी धरून बाहेर उभं केलं.

"नलाला जोर नको. पावसासारकं पानी सोड. आनि खालून सुरू कर. वरून सोडलंस तर सगलंच भिजेल, काय कलनार नाय."

मी दाराच्या खालच्या कडेला पाणी सोडलं. दहा मिनिटं. त्याने आतून काचेवर टकटक केली, पुढे जा. मग दाराच्या काचेची पट्टी. दहा मिनिटं. मग समोरच्या काचेची खालची कड. मला वाटलं आता आतून हाक येईल. आली नाही. मग बाजूच्या कडा, मग वरची. माझा हात दुखायला लागला होता. तीन वर्कशॉपनी बोट दाखवलेल्या रबरावर मी अर्धा तास पाणी धरून उभा होतो आणि आत थेंब पडला नव्हता.

शेवटी टपाची कड. दाराच्या वर टपाला पत्र्याची बारीक पन्हळ असते, टपावरचं पाणी बाजूला नेण्यासाठी. तिथे पाणी धरलं आणि दोन मिनिटांत आतून आवाज आला, "थांब, थांब! हाय तसाच धर!"

सून आत डोकावली. ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबाच्या बुडाशी पावडरीतून एक काळी रेघ निघाली होती आणि पायापर्यंत आली होती. पन्हळीचा सांधा तडकला होता. पाणी तिथून आत शिरत होतं, पोकळ खांबातून खाली येत होतं आणि काचेपासून हातभर लांब बाहेर पडत होतं.

"म्हणजे काचेचा काही संबंधच नाही," सून म्हणाली.

मिस्त्रीने पिशवीतून पेचकस काढला.

दुपार दुरुस्तीत गेली. त्याने पन्हळीचा सांधा बुजवायला भरलेला, आता दगड झालेला जुना मसाला पेचकसाने खरवडून काढला. तारेच्या ब्रशने गंज घासला. खाली खरंच केसाएवढी चीर होती, वीतभर लांब. तांबडा प्रायमर मारला, वाळू दिला, मग सांध्याचा मसाला बोटाने दाबून भरला. बोट पाण्यात बुडवून वरून एकसारखं केलं. काचेवरचं सिलिकॉन त्याने ब्लेडने सगळं काढलं. "हे रबराला श्वास घेऊ देत नाय. पानी अडकवून ठेवतं," असं सुनेला समजावलं.

शेवटी त्याने वायपरखालची जाळी उघडली. खण पानांनी भरला होता, भोकं मात्र अजून पुरती बुजली नव्हती. आमच्या अंगणातल्या बकुळीची पानं आणि फुलं, कुजून काळी झालेली. ती हाताने काढली. पिशवीतून सायकलच्या ब्रेकची जुनी तार काढली आणि भोकांतून खालपर्यंत घातली. एक बाजू, मग दुसरी. तार खाली निघाली की ती हलवून बघायचा. सून चहा करायला घरात गेली होती.

मी म्हणालो, "त्या वर्षी ती भोकं मी बुजवली होती. डांबराने."

त्याने तार ओढून घेतली आणि गुंडाळायला लागला.

"रबर नवं होतं. मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. मी कुणाला सांगितलं नाही."

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"डांबराचं. तुजी गाडी रस्त्यावर उभी असायची, मी येता-जाता खालून बघितलं. काला डांबर दिसत होता. म्हनून तर तुज्या घरी आलो. तू बाहेर आलाच नाय गाडीपाशी."

"मग तू लोकांना का नाही सांगितलंस?"

"मी सांगून कोन ऐकनार? ज्याच्यावर फसवनुकीचा आल असतो त्याचं कोन ऐकतं?" मग तो थोडा वेळ जाळीचे स्क्रू बसवत राहिला. "बायकोने विश्वास ठेवला. ती म्हनाली, तुमी असं करनार नाय. माज्या भावाने नाय ठेवला. आमची शेड दोघांची होती. तो म्हनाला, तुज्या एका रबरापायी माजा धंदा गेला. मरेपर्यंत माज्याशी बोलला नाय. सात वर्षं झाली त्याला जाऊन."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"माज्यापाशी बोलून काय? मला तर म्हाईतच हाय." त्याने पिशवी उचलली. "जिथे बोललास तिथे बोल. जे उरले असतील त्यांना. मी येनार नाय तिथे उभा राह्यला. मी काय देव नाय, समोर ठेवून माफी मागायला."

चहा आला तो त्याने उभ्याने घेतला. सुनेला म्हणाला, "महिन्यातून एकदा तार घालायची. पानं झाडाची पडनारच." आणि तिने त्याला ट्रकमधूनच घरी सोडलं.

भरणीची शेड अजून आहे. आता सात-आठ जणांचाच माल येतो. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. तिथे चार जण होते. त्यातला एक माझ्या वेळचा, त्याचेही तेव्हा दोन ट्रक होते आणि मिस्त्रीकडून पहिल्यांदा गाडी काढून नेली ती त्यानेच. बाकीचे तिघे माझ्या मुलाच्या वयाचे.

मी उभ्याउभ्या सांगितलं. फार वेळ लागला नाही. तीस वर्षं ठेवलेली गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागली.

तिघांतला एक फोनवरून मान वर करून म्हणाला, "काका, एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय घेऊन बसलात?"

माझ्या वेळचा होता तो मेथीच्या जुड्या बांधत होता, बांधत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "रबर नवं होतं ते मी बघितलं होतं. गाडी टो करून आणली तेव्हा. मी हात लावून बघितलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू बोलत होतास ना," तो म्हणाला. "आणि माझी पण फुलं गेली होती."

आम्ही दोघं बराच वेळ तिथे बसलो. तो म्हणाला, आता कुणाला सांगायचं, अर्धे लोक गेले. मी म्हणालो, लिहून ठेवतो. आमच्या गावच्या मंडळाचा वार्षिक अंक निघतो, त्यात दे, असं तो म्हणाला, अंक घराघरात जातो. म्हणून हे लिहिलं.

लिहून झाल्यावर मी आधी मिस्त्रीकडे घेऊन गेलो. त्याच्याविषयीचं आहे, त्याने बघितल्याशिवाय द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तो खाटेवर बसून, चष्मा लावून, ओठ हलवत वाचत होता. दोन पानं झाल्यावर थांबला.

"एका बाजूला एकच भोक लिहिलंस. दोन असतात. दोन्हीकडे दोन-दोन. तुजी गाडी, तुला म्हाईत नाय?"

मी पेन काढून दुरुस्त करायला हात पुढे केला. त्याने कागद दिला नाही. शेवटपर्यंत वाचलं. भावाविषयीचा भाग पुन्हा वाचला. मला वाटलं तो म्हणेल, हे काढ. म्हटलं नाही.

त्याने कागदांची घडी घातली आणि उशीखाली ठेवली.

"मला द्यायचेत ते अंकासाठी," मी म्हणालो.

"दुसरे लिही. हे मी भावाच्या मुलाकडे नेनार. रविवारी जातो. त्याला वाचायला देतो, छापून यायच्या आधी, तुज्या हातच्या अक्षरात."

मी घरी आलो आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. भोकांचं तेवढं या खेपेला नीट लिहायचं होतं, ते वर राहूनच गेलं. एका बाजूला दोन, अशी चार होती. चारही मी बुजवली.